‘कुठून आलात’ हा रकाना

आमच्या कॉलेजच्या ट्रेकिंग ग्रुपवर वर्षातले आठ महिने वाढदिवसाच्या शुभेच्छा चालतात. जून लागला की भांडण. यंदाचा विषय होता, गडांवरचा मुक्काम कायमचा बंद करावा का. जिल्हाधिकाऱ्यांचे पावसाळी मनाई आदेश निघाले होते, कुठल्याशा गडावरच्या टाक्यात तरंगणाऱ्या बाटल्यांचा फोटो फिरत होता, आणि त्याखाली आमच्यातल्या एकानं लिहिलं, ‘कुलपं घाला. आपल्या लोकांची लायकीच नाही.’ त्याला सोळा अंगठे. दुसऱ्या टोकाला ‘राजांचा गड आहे, आम्हाला अडवणारे तुम्ही कोण?’ त्यालाही साधारण तेवढेच. काही जणांनी दोन्हीकडे अंगठा दिला होता, हे मी ऑस्लोत रात्री साडेबाराला बसून मोजलं. झोप येत नव्हती, दुसरं काही नाही.

मग मी लांबलचक लिहिलं. 1967च्या ईस्टरच्या सुट्टीत नॉर्वेच्या डोंगरांत अठरा माणसं दगावली. त्यावर यांनी डोंगर बंद केले नाहीत, डोंगरात कसं वागायचं याचे नियम घरोघरी पोचवले. ‘माघारी फिरण्यात लाज नाही’ हा त्यातला एक, आज इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतो. 1957च्या कायद्यानं पडीक रानात कुणालाही चालायचा, तंबू ठोकायचा हक्क आहे. राहत्या घरापासून दीडशे मीटर लांब राहिलं की झालं. वगैरे. उत्तर दोन मिनिटांत आलं: ‘आला नॉर्वेवाला.’ पाठोपाठ, ‘तुमच्या अख्ख्या देशात पुणे जिल्ह्याएवढीसुद्धा माणसं नाहीत.’

हे खरं आहे. इथं पंचावन्न लाखांच्या आसपास, आणि पुणे जिल्हा 2011च्या जनगणनेतच चौऱ्याण्णव लाखांवर. मी उत्तर दिलं नाही. ट्रोलटुंगा या दरीवर जिभेसारख्या पुढं आलेल्या इथल्या कड्याबद्दलही मी सोयीस्कर गप्प बसलो होतो. तिथं 2010 साली जेमतेम आठशे लोक जायचे, 2016मध्ये ऐंशी हजार गेले. मग इथंही तोच कचरा, तीच बचाव पथकांची धावपळ. कोणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

योग असा की कुलूपवाला सप्टेंबरमध्ये कामासाठी ऑस्लोला आला. म्हटलं, चल, तुला दाखवतोच. माझी एक सहकारी आणि तिचा नवरा दरवर्षी योटुनहाइमेनच्या डोंगरांत चार दिवस केबिन ते केबिन चालतात, त्यांच्याबरोबर आम्ही दोघं निघालो. येन्देसहाइमहून बेसेग्गेनची धार ओलांडून मेमुरूबू, मग येन्देबू, तिथून ओलाव्सबू, शेवटी लाइरवास्बूला उतरायचं. धारेवर एका हाताला हिमनदीच्या गाळानं हिरवागार झालेला येन्दे तलाव आणि दुसऱ्या हाताला जवळजवळ चारशे मीटर वरच्या पातळीवर निळं बेसवात्ने. मित्र बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘राजगडाच्या संजीवनी माचीवर वारा याच्यापेक्षा जास्त असतो.’ मला बरं वाटलं. मीही तेच म्हणणार होतो, पण सहकाऱ्यांसमोर म्हणायला लाजलो असतो.

वाटेत दगडांवर लाल रंगात इंग्रजी ‘टी’ रंगवलेला असतो. एका टीपाशी उभं राहिलं की पुढचा दिसतो, धुकं नसेल तर. 1868 साली स्थापन झालेल्या पर्यटक संघाचं हे काम. साडेपाचशेवर केबिनी आणि उन्हाळी वाटाच बावीस हजार किलोमीटरच्या आसपास. रंगाचा डबा घेऊन जाणारे बहुतेक स्वयंसेवक. हे सांगताना माझ्या आवाजात जरा मालकी आली असावी, कारण मित्र म्हणाला, ‘तू किती दगड रंगवलेस?’ एकही नाही. आणि लोणावळ्यातल्या शिवदुर्ग मित्र या बचाव पथकाची पोरं अपरात्री दोर घेऊन दरीत उतरतात तेही पदरमोड करूनच, हे त्यानं ऐकवलं. बरोबर होतं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ओलाव्सबू. भोवती नुसता दगड, झाड म्हणून नाही. ऐन हंगामात तिथं देखरेखीला कोणीतरी असतं, आम्ही पोचलो तेव्हा चिटपाखरू नव्हतं. मी सॅकच्या वरच्या कप्प्यातून किल्ली काढली आणि मित्र मोठ्यानं हसला, ‘म्हणजे कुलूप आहेच की!’

आहे. पण किल्ली एकाच साच्याची, बहुतेक केबिनींना तीच लागते, आणि सभासद झालेल्या कुणालाही अनामत भरून मिळते. आत कोठीची खोली. फळ्यांवर डबाबंद मांस, सुपाची पाकिटं, तांदूळ, क्नेकब्रे म्हणजे इथला कडक कुरकुरीत पाव, कॉफी. घ्यायचं, काय घेतलं ते लिहायचं, पैसे नंतर भरायचे. मित्रानं आधी छताचे कोपरे पाहिले. ‘कॅमेरा?’ नाही. मग तो फळीसमोर हाताची घडी घालून उभा राहिला, एखाद्या देवळात चप्पल कुठं काढायची ते न कळल्यासारखा. रात्री आम्ही ओढ्यावरून बादल्या भरल्या, भांडी घासली. सकाळी निघण्याआधी त्यानं न सांगता केर काढला, अगदी खाटांखालचासुद्धा. कुठं गेली लायकी, असं विचारायचं जिभेवर आलं होतं.

विचारलं नाही, कारण आदल्या रात्री स्टोव्हपाशी बसून मी काय घेतलं त्याची यादी लिहीत होतो. सूप दोन, क्नेकब्रे एक, कॉफी चार कप. मित्र म्हणाला, ‘धारेवरची मावशी आठवते?’

आठवते. राजगड-तोरणा करताना, सत्त्याण्णव साली. अळू दरवाज्यातून उतरून धारेवर निघालो आणि ऊन डोक्यावर आलं. धनगराचं एक घर होतं. मावशीनं आम्हा सात जणांना ताक दिलं, भाकरी दिली, ठेच्याबरोबर. पैसे काढले तर म्हणाली, ‘लेकरांकडनं घेत्यात व्हय?’ पोराबरोबर तिचा फोटो मी काढला. कॅमेरा माझा होता, म्हणून फोटो पाठवायचं कबूलही मीच केलं. तिनं दोनदा विचारलं, नक्की पाठवशील ना. रोल धुतला, फोटो छान आला होता. पाठवला नाही. आधी परीक्षा, मग नोकरी, मग व्हिसा. तो फोटो आजही पुण्याच्या घरी आईच्या कपाटात, बुटांच्या खोक्यात आहे.

इथं मी क्नेकब्रेचा शेवटचा तुकडासुद्धा लिहितो. बिल मोबाइलच्या विप्स अ‍ॅपवर आलं की त्याच दिवशी भरतो. भाकरीचा हिशोब मावशीनं वहीत लिहून घेतला नाही, तो मी बुडवला. ग्रुपवर ‘इथं विश्वासावर चालतं’ असं मी जे लिहिलं होतं, ते वाचून मित्राला नेमकं हेच आठवलं असणार. त्यानं तिथं, सगळ्यांसमोर ते काढलं नाही. आता काढलं, मराठीत, बाकी दोघांना कळणार नाही असं.

‘तरी कुलूपच घालायचं म्हणतोस?’ मी विचारलं.

‘मावशीच्या घराला कुठं होतं?’ तो म्हणाला आणि क्विक लुन्श नावाची चॉकलेटची वडी मोडून मला अर्धी दिली. हे उत्तर होतं की टोमणा, मला अजून ठरवता आलेलं नाही.

केबिनमध्ये आणखी एक वही असते. नाव, कुठून आलात, पुढं कुठं. कोणी हरवलं तर शोधणाऱ्यांना माग लागावा म्हणून. पहिल्या वर्षी मी ‘कुठून’ या रकान्यात ‘पुणे, भारत’ असं ठसठशीत लिहिलं होतं. पान उलटल्यावर कळलं की बाकी सगळ्यांनी आदल्या केबिनचं नाव लिहिलंय. माझी चूक खोडावी का, हे मला पाच मिनिटं कळेना. शेवटी तशीच ठेवली. सहकारी नंतर म्हणाली, किती गोड. मला ते ‘गोड’ वर्षभर खुपत राहिलं.

यंदा मी मित्राला आधीच सांगितलं, आदल्या केबिनचं नाव लिही. त्यानं येन्देबू लिहिलं. पुढच्या रकान्यात ‘लाइरवास्बू’, मग स्वल्पविराम, मग ‘पुणे’. पेन माझ्या हातात दिलं.

मी येन्देबू लिहिलं, लाइरवास्बू लिहिलं आणि स्वल्पविराम दिला. बाहेरून हाक आली, पाऊस यायच्या आत निघायला हवं. दार ओढून घेतलं, कुलूप लावलं. मग लाल टी शोधत उतरायला लागलो.