युक्रेन हे राष्ट्र आहे की नाही, हे ठरवायचं कुणी?

साताऱ्यात राजवाड्यापाशी चार जण बसले आणि युक्रेनचा विषय निघाला की एक वाक्य हमखास येतं: "अहो, तो मुळात रशियाचाच तुकडा. परत घेतला तर बिघडलं कुठं?" बोलणारे पक्के राष्ट्रवादी असतात. मीही आहे, आणि म्हणूनच हे वाक्य मला सहन होत नाही.

ज्याच्याकडून आपल्या क्रांतिकारकांनी राष्ट्रवादाचे धडे गिरवले, तो एकोणिसाव्या शतकातला इटालियन क्रांतिकारक मॅझिनी बघा. सावरकरांनी लंडनमध्ये बसून त्याचं चरित्र आणि लेख मराठीत आणले. १९०७ साली पुस्तक पुण्यात निघालं आणि इंग्रजांनी ते जप्त केलं. का? कारण त्यातली इटलीची कहाणी आपल्यासारखीच होती. मॅझिनी झगडत होता तेव्हा इटलीचे तुकडे पडले होते, काही ऑस्ट्रियाकडे, काही पोपकडे, उरलेले छोट्या राजांकडे. ऑस्ट्रियाचा मंत्री मेटर्निक म्हणायचा, इटली हे नुसतं भूगोलातलं नाव आहे. हिंदुस्थानाबद्दल जॉन स्ट्रेची या इंग्रज अधिकाऱ्याने १८८८ मध्ये हेच लिहिलं, की असा देश नाही आणि कधी नव्हताही. आता पुतिन यांचा जुलै २०२१ चा लांबलचक लेख घ्या. रशियन आणि युक्रेनी हे एकच लोक, आजचा युक्रेन ही सोव्हिएत काळाची निर्मिती, असा त्याचा सूर. पुढच्या फेब्रुवारीत रणगाडे कीव्हकडे निघाले.

मॅझिनीची शिकवण अशी की माणूस आधी माणुसकीला बांधील, मग देशाला. स्वतःच्या राष्ट्राचा हक्क मागणाऱ्याने दुसऱ्याचा मान्य केलाच पाहिजे. १८३४ मध्ये त्याने इटालियन, जर्मन आणि पोलिश निर्वासितांना एकत्र आणून 'यंग युरोप' ही संघटना काढली ती याच भावनेतून.

या कसोटीवर युक्रेन कुठं बसतो? १ डिसेंबर १९९१ च्या सार्वमतात ९० टक्क्यांहून जास्त लोकांनी स्वातंत्र्याच्या बाजूने कौल दिला. रशियाला लागून असलेल्या दोनेत्स्क आणि लुहान्स्कमध्येही ८० टक्क्यांच्या वर. क्रिमियात काठावर, ५४ टक्के, हेही सांगितलं पाहिजे. आणि खारकीव्ह! रशियाची सीमा हाकेच्या अंतरावर, घराघरात रशियन बोलणारं शहर. तिथं फौजा शिरल्या तेव्हा लोकांनी हारतुरे आणले नाहीत, लढाई दिली. आमच्या जिल्ह्याला हे समजायला जड जाऊ नये. १९४३ ते ४६ मध्ये, सांगलीही साताऱ्यातच होती तेव्हा, कुंडलपासून गावोगाव इंग्रजांना न जुमानणारं प्रतिसरकार चाललं. न्यायदान मंडळं बसली, तंटे मिटले, गावगुंडांना शिक्षा झाल्या. ते राज्य कुणी बाहेरच्याने मंजूर केलं नव्हतं.

मात्र मॅझिनीलाही मी सोडणार नाही. इटलीसाठी जन्म वेचणारा हा माणूस आयर्लंडला स्वतंत्र राष्ट्र मानायला तयार नव्हता. कोण राष्ट्र आणि कोण नाही, हे तो लांबून ठरवत बसला. पुतिन यांचा दोष नेमका तोच आहे, फक्त त्यांच्या हाती क्षेपणास्त्रं आहेत. म्हणून मॅझिनीचा विचार घ्यावा आणि त्याने आखलेला नकाशा सोडून द्यावा.

एका ठिकाणी मात्र मी अडतो. युद्ध सुरू होताच युक्रेनने १८ ते ६० वयाच्या पुरुषांना देशाबाहेर जायला बंदी केली. मॅझिनीसाठी कर्तव्य हक्काच्या आधी येतं, पण ते आतून उमगलेलं असावं लागतं. सीमेवर अडवलेल्या बापाचं कर्तव्य त्यात कसं बसवायचं? अपशिंगे मिलिटरीसारखं गाव ज्या जिल्ह्यात आहे, जिथली ४६ माणसं पहिल्या महायुद्धात इंग्रजांसाठी कामी आली, तिथल्या माणसाला हा प्रश्न पुस्तकी वाटत नाही. घर वाचवायला स्वतःहून उभा राहणारा आणि ओढून उभा केलेला, दोघंही एकाच खंदकात मरतात. तरी ही वेळ त्या देशावर आणली कुणी, हे विसरून बोलू नये.

२ मार्च २०२२ ला संयुक्त राष्ट्रांत १४१ देशांनी रशियाचा निषेध केला, आपण ३५ तटस्थांत होतो. सरकारपुढे रशियाकडून येणाऱ्या शस्त्रांचा प्रश्न होता, युक्रेनमध्ये अडकलेली आपली पोरं होती. ती अडचण मला कळते. पण राजवाड्यापाशी बसलेल्या आपल्यावर कसलं बंधन आहे? तिथं तरी आक्रमणाला आक्रमण म्हणा.