फुलं मोजू नका

कुंडीतल्या टोमॅटोला पहिला पिवळा झुबका आला की माणसं फुलं मोजायला बसतात. माझं ऐकाल तर मोजू नका. उष्ण हवेत टोमॅटोचं फूल म्हणजे दिलेला शब्द नव्हे; त्याने नुसता विषय काढलेला असतो. दिवसा पारा 35 अंशांवर आणि रात्री 24 च्या खाली उतरायला तयार नाही, असं काही दिवस चाललं की पराग निकामी होतात. फुलाच्या देठाला मध्येच एक गाठ असते, तिथून फूल अलगद निखळतं. सुतक नाही, सूचना नाही.

मग आपण काय करतो? आणखी खत घालतो. नत्र मिळालं की रोप खूश. पानं गर्द, खोड अंगठ्याएवढं, फळ एक नाही. आणि तब्येत इतकी उत्तम की त्याला रागावताही येत नाही.

खरा इलाज कंटाळवाणा आहे: उलटं मोजा. बी पेरल्यापासून 25 ते 30 दिवसांनी रोप मोठ्या कुंडीत जातं, तिथून फुलोऱ्याला साधारण महिना. म्हणजे रात्री गार होण्याच्या दोन महिने आधी बी मातीत हवं. रोप लावताना खालची पानं काढून खोड निम्मं पुरा; पुरलेल्या खोडाला मुळं फुटतात. कुंडी किमान 20 लिटरची. वाण निवडायचाच तर चेरी. उकाड्यात मोठ्या फळांच्या जातींपेक्षा तो कमी रुसतो. दमट हवेत पराग चिकटून बसतात, म्हणून सकाळी झुबक्याला हलकी टिचकी मारा. शेजारी बघतील. बघू देत.

फळ धरलं की त्याचं बूड काळं पडतं आणि घरातली सगळी अंड्याची टरफलं कुंडीत जमा होतात. कॅल्शियम कमी पडतं हे खरं, पण बहुतेकदा ते मातीत असतंच. फळापर्यंत पोहोचत नाही, कारण आपण दोन दिवस विसरतो आणि तिसऱ्या दिवशी पूर आणतो. टरफलं कुजायला महिने लागतात. पाणी नेमाने द्या, वर पालापाचोळ्याचा थर घाला.

हिरवंगार रोप दुपारी मान टाकून संध्याकाळी सावरत असेल, तर फसू नका. ते पुरतं झोपलं की खोडाचा तुकडा कापून स्वच्छ पाण्याच्या ग्लासात धरा. दुधाळ धागे सुटले तर ती जिवाणूजन्य मर. औषध नाही. रोप मुळासकट फेका आणि त्या मातीत वांगी, मिरची, बटाटाही लावू नका. सगळं एकच खानदान. या रोगाला दाद न देणाऱ्या वांग्याच्या जातीच्या खुंटावर कलम केलेलं टोमॅटोचं रोप मात्र बऱ्यापैकी तग धरतं.

इतकं सोसून आलेलं फळ 30 अंशांपुढे लाल व्हायलाही कुरकुरतं, पिवळट-नारिंगी राहतं. रंगाची पहिली छटा दिसताच तोडून घरात सावलीत ठेवा. झाडावरच पिकू द्यायचं म्हणाल, तर पक्ष्यांची काहीच हरकत नसते.