किल्ली सिक्युरिटीकडे आहे

आज दुपारी बाणेरमधल्या एका शेअर्ड ऑफिसात जे घडलं ते लिहून काढल्याशिवाय झोप लागणार नाही. जागेचं नाव देत नाही, नाव बदललं तरी गोष्ट बदलणार नाही. जिच्याबद्दल आहे तिला विचारूनच लिहितेय.

ती व्हीलचेअर वापरते. अकाउंट्सचं काम करते, घरून करून करून कंटाळली आणि महिन्याच्या भाड्याने डेस्क बघायला आली. दारात रॅम्प, मोठी लिफ्ट, रिसेप्शनच्या भिंतीवर 'इथे सगळ्यांचं स्वागत'. डेस्क तिला आवडलंही. मग तिनं टॉयलेट कुठे आहे ते विचारलं. दारावर व्हीलचेअरची निळी पाटी होती आणि दाराला कुलूप. किल्ली सिक्युरिटीकडे. सिक्युरिटी जेवायला गेलेला. वीस मिनिटांनी दार उघडलं तर आत तीन मॉप, दोन बादल्या, फिनाईलचे कॅन, एक मोडकी रिव्हॉल्व्हिंग खुर्ची आणि गेल्या गणपतीतलं मखर. कमोडपर्यंत जायला वाटच नव्हती. मॅनेजर म्हणाला, "मॅडम, पाच मिनिटं द्या, लगेच रिकामं करून देतो." ती "राहू दे" म्हणाली, गाडी बोलावली आणि जवळच्या मॉलमध्ये गेली.

पाच मिनिटं द्या! रोज? दिवसातून तीनदा? टॉयलेटला जायच्या आधी पूर्ण ऑफिसला कळवायचं, मग सगळ्यांच्या देखत मॉप बाहेर निघायची वाट बघायची? बाकी कुणाला तिथे टॉयलेटची किल्ली मागावी लागते का?

व्हीलचेअर वापरणारी कितीतरी माणसं बाहेर पडायचं असलं की सकाळपासून पाणीच पीत नाहीत. त्यातून लघवीचा संसर्ग होतो, पुन्हा पुन्हा होतो. मणक्याला इजा झालेल्या अनेकांना दर चार ते सहा तासांनी कॅथेटर म्हणजे बारीक नळी घालून लघवी काढावी लागते. त्यासाठी कोरडी स्वच्छ जागा लागते, हात धुवायला पाणी लागतं, सामान ठेवायला हाताच्या अंतरावर एक फळी लागते. ही कामं बादलीवर बसून होत नाहीत.

आणि दुःख याचं की ती खोली मुळात वाईट बांधलेली नव्हती. साधारण २ मीटर बाय २.२ मीटर, म्हणजे आत १५०० मिमीच्या वर्तुळात व्हीलचेअर पूर्ण फिरते. दार ९०० मिमी मोकळं आणि बाहेर उघडणारं. हे बाहेर उघडणं फार महत्त्वाचं आहे. आत उघडणारं दार असेल आणि आतलं माणूस पडलं, तर त्याचं शरीरच दाराला अडतं आणि मदतीला कुणी आत शिरू शकत नाही. कमोडची सीट जमिनीपासून ४५० ते ४८० मिमीवर, कारण खुर्चीची सीटही साधारण त्याच उंचीला असते आणि माणूस सरकत पलीकडे जातो. त्यासाठी कमोडच्या एका बाजूला निदान ९०० मिमी जागा रिकामी ठेवतात. बघणाऱ्याला वाटतं, एवढी जागा फुकट गेली. म्हणून बादल्या नेमक्या तिथेच येऊन बसतात. त्या टॉयलेटमध्ये सगळ्यात जास्त कामाची जागा कोणती असेल तर ती रिकामी दिसणारी जागा, आणि हे हँडओव्हरच्या दिवशी कुणी कुणाला सांगत नाही.

आधाराचे दांडे होते, पण एक हलत होता. भिंत जिप्सम बोर्डची असली की दांडा नुसत्या बोर्डावर स्क्रूने बसवून चालत नाही. माणूस त्यावर अख्खं वजन टाकतं. बोर्डामागे १८ मिमीचं प्लायवूड किंवा लोखंडी पट्टी आधी बसवावी लागते. ती राहिली की काही महिन्यांत स्क्रू सैल होतात आणि एक दिवस दांडा हातात येतो. काही ठिकाणी तर टॉवेलचा रॉड लावून मोकळे होतात, तो बघितला की अंगावर काटा येतो. इथली मदतीची दोरीही, जी ओढली की अलार्म वाजतो, गुंडाळून वर बांधून ठेवली होती, लादी पुसताना मध्ये येते म्हणून. पडलेलं माणूस जमिनीवर असतं, म्हणून दोरीचं टोक जमिनीजवळ लोंबत असायला हवं. वर बांधलेली दोरी नसल्यातच जमा.

इथवर वाचून तुम्हाला वाटेल की हाउसकीपिंगवाल्यांना दोन शब्द सुनवायला हवेत. मॅनेजरनं तेच केलं. मावशींना सगळ्यांसमोर झापलं, "किती वेळा सांगितलंय, इथे सामान ठेवायचं नाही."

पण त्या खोलीत आणखी काय होतं ते सांगायचं राहिलं. एका दांड्यावर मावशींची घरून नेसून आलेली साडी घडी घालून ठेवलेली होती. फ्लशच्या टाकीवर कापडी पिशवी, पिशवीत डबा. मावशी सकाळी सातला येतात, तिथेच युनिफॉर्म चढवतात, आणि दुपारी उलट्या बादलीवर बसून तिथेच जेवतात. टॉयलेटमध्ये. दार आतून लावून.

आता सांगा, राग कुणावर काढायचा?

या ऑफिसचा नकाशा काढताना शंभरेक डेस्क, चार मीटिंग रूम, सहा फोन बूथ, पॉडकास्टची खोली, सगळ्याला जागा मिळाली. मॉपला मिळाली नाही. ओला मॉप रोज कुठेतरी धुवायचा असतो, उभा टांगून वाळवायचा असतो, नाहीतर दुसऱ्या दिवशी कुबट वास मारतो. बादली भरायला नळ लागतो, घाण पाणी ओतायला जमिनीलगतचं मोरीसारखं सिंक लागतं. या सगळ्याला १.२ मीटर बाय १.५ मीटरची खोली पुरते: सिंक, भिंतीवर हुक, दोन फळ्या आणि बाहेर हवा फेकणारा एक्झॉस्ट. ती खोली नकाशात नसली की सामान मजल्यावरची सगळ्यात मोठी आणि सगळ्यात कमी वापरली जाणारी पाण्याची खोली शोधतं, आणि ती नेहमी निळ्या पाटीचीच निघते. कारण ती वापरायला कुणी येत नाही. कारण येणारी व्यक्ती कुलूप बघून परत जाते. मग मालक म्हणतात, "आमच्याकडे अशी डिमांडच नाही." डिमांड आज दुपारी गाडीत बसून मॉलला गेली हो!

यात धोकाही आहे. टॉयलेट साफ करायचं ॲसिड आणि ब्लीच एकाच बंद खोलीत ठेवतात. दोन्ही सांडून एकत्र आली तर क्लोरीन वायू तयार होतो. फार मोठी गळती लागत नाही. ज्या माणसाला झटकन उठून पळता येत नाही, त्याच्याच खोलीत हे ठेवायचं?

मावशी पँट्रीत का जेवत नाहीत, हेही विचारलं. पँट्रीच्या दारावर लॅमिनेट केलेली पाटी आहे: मांसाहारी पदार्थ आणू नयेत. मावशींच्या डब्यात आज भाकरी आणि सुकटाची चटणी होती.

मासळीचा वास बंद एसीत फिरतो आणि काहींना खरंच मळमळतं, हे मान्य. पण तो प्रश्न हवेचा आहे. पँट्रीची हवा एसीच्या परतीच्या मार्गात न सोडता डक्टनं थेट बाहेर काढा, मायक्रोवेव्ह दोन ठेवा, डब्यावर झाकण ठेवायची सवय लावा, फ्रिजमधले कप्पे ठरवून द्या. हा एका दिवसाच्या कामाचा विषय होता. त्याऐवजी पाटी लावली. पाटी वासाबद्दल बोलते असं म्हणायचं आणि ती वाचून कोण कोण पँट्रीबाहेर राहतं ते बघायचं नाही, हे आपल्या महाराष्ट्रात तरी कुणी मला शिकवू नये. सिंकजवळच्या फळीवर हाउसकीपिंगचे स्टीलचे कप वेगळे ठेवलेले होते. बाकी सगळ्यांचे पांढरे चिनी मातीचे. ते 'सगळ्यांचं स्वागत' वाक्य तिथून दहा पावलांवर आहे.

कुणी म्हणेल, कायदा काय सांगतो? अपंग व्यक्तींचे हक्क कायदा २०१६ चा, लागू १९ एप्रिल २०१७ पासून. त्यात खासगी आस्थापनाही येतात, आणि प्रत्येक आस्थापनेनं समान संधीचं धोरण जाहीर करायचं आहे. ८ नोव्हेंबर २०२४ ला राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्टच सांगितलं की सुगमतेची, म्हणजे अपंगांना जागा वापरता येण्याची, मानकं नुसती शिफारस म्हणून ठेवून चालणार नाही, बंधनकारक नियम करा. मावशींच्या बसण्याबद्दल म्हणाल तर केरळनं २०१८ मध्ये आणि तमिळनाडूनं २०२१ मध्ये दुकानांतल्या कामगारांना बसायला जागा देणं कायद्यात लिहिलं. खुर्ची. एक खुर्ची द्यावी म्हणून कायदा करावा लागला.

शेअर्ड ऑफिसात तर जबाबदारीचा चेंडू चौघांमध्ये फिरतो. इमारत मालकाची, चालवणारी कंपनी दुसरी, बसणाऱ्या कंपन्या पन्नास, आणि मावशी-सिक्युरिटी एजन्सीचे. लैंगिक छळाची तक्रार घ्या. २०१३ च्या कायद्यानं दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे तक्रार ऐकणारी अंतर्गत समिती लागते. पण त्या मजल्यावर चार-चार माणसांच्या कंपन्या आहेत. त्यातल्या मुलीला शेजारच्या कंपनीतल्या माणसानं त्रास दिला तर? तिच्यासाठी जिल्ह्याची स्थानिक समिती आहे, पण हे तिला सांगणार कोण? पँट्रीतल्या पाटीपेक्षा ही पाटी जास्त गरजेची: चालवणाऱ्या कंपनीच्या समितीतल्या सदस्यांची नावं आणि फोन, जिल्ह्याच्या स्थानिक समितीचा पत्ता, मराठीत, बायकांच्या टॉयलेटच्या दाराच्या आतल्या बाजूला, जिथे उभं राहून कुणाच्या नजरेत न येता वाचता येईल. आणि ती मावशींनाही लागू आहे हे त्यात लिहिलेलं हवं.

बाकीचं भराभर सांगते. काचेच्या दारांवर डोळ्यांच्या उंचीला आणि कमरेच्या उंचीला ठळक पट्टी लावा, कमी दिसणारी माणसं आपटतात. आगीचा अलार्म नुसता वाजून उपयोग नाही, फोन बूथ आणि टॉयलेटमध्ये लुकलुकणारा दिवा लावा, बहिऱ्या माणसाला आग कळायला हवी. रिसेप्शनवरचा टचस्क्रीन आवाजानं वाचून दाखवत नसेल तर आंधळ्या माणसासाठी तिथे माणूस बसवा. रॅम्प १:१२, म्हणजे १५० मिमीच्या पायरीला १.८ मीटर लांबी. जागा कमी पडली म्हणून एक मीटरमध्ये उरकलेल्या रॅम्पवरून खुर्ची मागे उलटू शकते.

जागेचं भाडं महाग आहे, मान्य. ४.४ चौरस मीटर म्हणजे जेमतेम ४७ चौरस फूट, एखाद-दुसऱ्या डेस्कची जागा. ती त्यांनी दिलेलीच आहे. पैसे खर्च झालेत, टाइल्स लागल्यात, निळी पाटी छापलीय. अडलंय ते फक्त मॉपपाशी.

लिहिता लिहिता राग थोडा उतरला. मॅनेजरही तिशीच्या आतला पोरगा आहे, त्यालाही वरून कुणी हे शिकवलं नाही. संध्याकाळी फोनवर बोलणं झालं तेव्हा तो म्हणाला, "मखर आणि खुर्ची आजच काढली. मावशींना पिशवी दुसरीकडे ठेवायला सांगितलं." दुसरीकडे कुठे, असं विचारलं तर गप्प झाला. मग म्हणाला, "तुम्हीच सांगा."

म्हणून सांगितलं, आणि इथेही लिहितेय, कारण तुमच्यापैकी कितीतरी जण अशाच ऑफिसात बसता. प्रिंटरच्या मागे कोपऱ्यात १.३ बाय १.६ मीटर जागा आहे, तिथे आता जुने मॉनिटर पडलेत. मागची भिंत टॉयलेटच्या पाइपांच्या शाफ्टला लागून आहे, म्हणजे पाणी आणि ड्रेन दोन्ही हाताशी. सिंक, नळ, हुक, एक्झॉस्ट, प्लंबर आणि इलेक्ट्रिशियन मिळून दोन-तीन दिवस. ॲसिड खालच्या फळीवर, ब्लीच वेगळ्या कुलपाच्या कपाटात. टॉयलेटचं बाहेरचं कुलूप कायमचं काढायचं, आत कडी अशी लावायची की अडचणीत बाहेरून नाण्यानं उघडेल. हलणाऱ्या दांड्यामागचा बोर्ड कापून प्लाय घालायचं. दोरी सोडायची. स्टाफच्या लॉकरमधले चार लॉकर मावशी आणि सिक्युरिटीच्या नावाचे. स्टीलचे कप काढून सगळ्यांना एकच कप. पँट्रीच्या दारावरची पाटी स्क्रूड्रायव्हरनं निघते.

तिला मघाशी फोन केला. ती म्हणाली, डेस्क खिडकीजवळचं होतं, आवडलं होतं. पुढच्या बुधवारी पुन्हा येऊन बघेन. आणि मग म्हणाली, "त्या मावशींचं जेवण आज माझ्यामुळे राहिलं असेल ना? त्यांना विचार."