'बीएस्सीची पोरं काय संशोधन करणार?' या फॉरवर्डला उत्तर

पदवीच्या विद्यार्थ्यांना सोबत घेऊन संशोधन करणाऱ्या एका भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाचा अमेरिकेत सन्मान झाला. आमच्या ठाण्यातल्या सोसायटीच्या ग्रुपवर ही बातमी पडली आणि तिच्यामागोमाग एक फॉरवर्ड आला. तोच संध्याकाळी वाशीच्या भावानेही पाठवला. मजकूर असा: 'बीएस्सीची पोरं संशोधन करूच शकत नाहीत. काम सर करतात, नाव पोरांचं लागतं. मोठ्या संशोधनात ज्यांना जमलं नाही त्यांच्यासाठीचं हे उत्तेजनार्थ बक्षीस. आणि आपल्याकडे ना यंत्रं, ना पैसा.' मी पदवीच्या वर्गांना भौतिकशास्त्र शिकवते, त्यामुळे गप्प बसवेना.

'करूच शकत नाहीत' हे आधी घेते. 1909 साली मँचेस्टरला अर्नेस्ट मार्सडेन नावाचा वीस वर्षांचा मुलगा शिकत होता, पदवी अजून हातात नव्हती. तिथल्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेचा प्रमुख अर्नेस्ट रदरफर्ड; त्याचा सहकारी हान्स गायगर मार्सडेनला किरणोत्साराची मोजमापं शिकवत होता. या पोराला एखादं छोटंसं काम द्यावं, असं त्याने रदरफर्डला सुचवलं. रदरफर्डने काम दिलं: धातूवर आदळलेले अल्फा कण (किरणोत्सारी पदार्थातून सुटणारे धनभारित कण) मोठ्या कोनातून वळतात का, बघ. वळतील असं खुद्द रदरफर्डलाही वाटत नव्हतं. अंधारात सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायचा आणि कण आदळला की झिंक सल्फाइडच्या पडद्यावर चमकणारे ठिपके एकेक करून मोजायचे, असलं ते डोळे फोडणारं काम. प्लॅटिनमवरून साधारण 8,000 कणांत एक परत फिरत होता. कणाला असं परत फेकायला अणूच्या मध्यात काहीतरी छोटं आणि जड हवं; 1911 मध्ये रदरफर्डने अणूचं केंद्रक मांडलं, त्याचं मूळ या मोजणीत आहे. गायगर-मार्सडेन प्रयोग बारावीला सगळे घोकतात. त्यातला मार्सडेन विद्यार्थी होता, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. पुढे नोबेल मिळवलेल्या रिचर्ड फाइनमनचा रेणूंतल्या बलांवरचा 1939 चा शोधनिबंधही त्याच्या पदवीच्या प्रबंधातूनच आला.

'काम सर करतात' यात थोडं तथ्य आहे, नाकारत नाही. मागच्या वर्षीची फाइल घ्यायची, पहिलं पान बदलायचं आणि स्टेशनबाहेर स्पायरल मारून आणायची, असे प्रोजेक्ट मीही तपासलेत. पण त्याला संशोधन म्हणून कुणी सन्मान देत नाही. प्रश्न सर निवडतात, हे खरं. पीएचडीच्या विद्यार्थ्यालाही बहुतेक वेळा प्रश्न गाइडच सुचवतो, तिथे आपण नाक मुरडत नाही.

उत्तेजनार्थ बक्षिसाचं म्हणाल, तर अमेरिकन फिजिकल सोसायटी या भौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेचा, पदवीच्या कॉलेजांत संशोधन करणाऱ्या प्राध्यापकांसाठीचा पुरस्कार 1984 साली सुरू झाला. निकष दोन आहेत आणि दोन्ही पुरे करावे लागतात: संशोधनाला सर्वदूर मान्यता हवी, आणि पदवीचे विद्यार्थी घडवलेले हवेत. तिथल्या अशा कॉलेजांत पीएचडीचे विद्यार्थी नसतातच. दर दोन-तीन वर्षांनी नवी, कोरी मुलं हाताशी घेऊन त्याच पातळीचं काम करायचं. याला सोपं कोण म्हणेल? त्याच संस्थेचा ॲपकर पुरस्कार तर 1978 पासून थेट पदवीच्या विद्यार्थ्यांनाच मिळतो.

राहिली यंत्रं आणि पैसा. वाशीहून लोकल पकडली की खाडीपूल ओलांडून पुढचंच स्टेशन मानखुर्द. तिथल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात पदवीच्या मुलांना संशोधनात घेणारा 'नियस' कार्यक्रम 2004 पासून आहे. माळशेज घाट चढून गेलं की नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही मोठी रेडिओ दुर्बीण आहे, 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना. तिची जुनी निरीक्षणं ठरावीक मुदतीनंतर खुली होतात. त्यासाठी संगणक आणि चिकाटी लागते. लंबकाचा किंवा घरंगळणाऱ्या वाळूचा अभ्यास तर फोनच्या स्लो-मोशनवरही सुरू करता येतो.

आमची अडचण वेगळीच आहे. साडेचारला शेवटचं प्रॅक्टिकल संपतं, पाचला शिपाईमामा लॅबला कुलूप लावतात. प्रयोगाची मोजमापं ऐन रंगात आलेली असतात, तेव्हा मुलं दप्तरं उचलून साडेपाचची लोकल गाठायला निघतात.