यादी छोटी ठेवा, पण पक्की ठेवा

आमच्या लेकीला सोयाबीनची ॲलर्जी आहे म्हटलं की लातुरात लोक आधी हसतात. औशाकडं आमचं रान, खरिपात त्यातलं निम्म्याहून जास्त सोयाबीनखाली, घरातले मोठे खर्च आडतीवरच्या सोयाबीनच्या पट्टीवर ठरतात, आणि त्याच घरातल्या पोरीला ते चालत नाही! "शेतकऱ्याच्या लेकराला कसली आलीय ॲलर्जी?" हसून झालं की सल्ले सुरू. एक सल्ला असा की सगळंच बंद करा: तेल बंद, शेंगदाणे बंद, डाळी बंद, चॉकलेट बंद. दुसरा असा की थोडं थोडं देत राहा, सवय होईल. बऱ्याचदा दोन्ही सल्ले एकच माणूस एकाच चहात देतो.

माझं मत आता पक्कं झालंय, म्हणून सविस्तर लिहिते. वर्ज्य गोष्टींची यादी डॉक्टरांसोबत बसून जेवढी छोटी करता येईल तेवढी करा, आणि जे यादीत उरेल त्यात कणाचीही सूट देऊ नका. आपल्या घरांत नेमकं उलटं चालतं. यादी हातभर लांब, आणि पाळायची एकादशीच्या उपवासासारखी, म्हणजे सोयीसोयीनं.

आधी यादी छोटी कशी होते ते बघा. ॲलर्जी सोयाबीनमधल्या प्रथिनांची असते. शरीर त्या प्रथिनांना शत्रू समजतं, त्यांच्याविरुद्ध आयजीई नावाची प्रतिपिंडं तयार करतं, आणि पुढच्या वेळी ते पोटात गेलं की काही मिनिटांत ते दोन तासांत अंगावर पित्त उठतं, ओठ सुजतात, उलट्या होतात, काहींना दम लागतो. (सोयाबीनची उसळ खाऊन पोट गच्च होणं ही वेगळी गोष्ट. ती त्यातल्या न पचणाऱ्या साखरांची करामत, तिला ॲलर्जी म्हणू नका.) आता रिफाइंड सोयाबीन तेल घ्या. शुद्ध करताना त्यातलं प्रथिन जवळजवळ सगळं निघून जातं. म्हणून बहुतेकांना ते चालतं, आणि अमेरिकेच्या २००४ च्या ॲलर्जन लेबलच्या कायद्यानंही अतिशुद्ध तेलांना सूट दिलेली आहे. उलट लाकडी घाण्याचं, गाळलेलं 'शुद्ध नैसर्गिक' सोयाबीन तेल कुणी कौतुकानं आणलं तर आमच्या घरात ते उंबऱ्याबाहेर. त्यात प्रथिनं राहतात. लोकांना हे पटवताना माझी दमछाक होते, कारण रिफाइंड वाईट आणि घाण्याचं चांगलं हे व्हॉट्सॲपनं सगळ्यांच्या डोक्यात घट्ट बसवलंय.

चॉकलेट-बिस्किटांत सोया लेसिथिन, म्हणजे मिश्रण एकजीव ठेवणारा घटक, असतं, पाकिटावर ३२२ या क्रमांकानं येतं. त्यातही प्रथिन अगदी नावापुरतं असतं आणि सोयाबीनची ॲलर्जी असलेल्या बहुतेकांना त्यानं काही होत नाही. आमच्या डॉक्टरांनी तपासून परवानगी दिली, आणि पोरीच्या वाढदिवसाला चॉकलेट परत आलं. तुमच्या लेकराला चालेल का, हे तुमच्या डॉक्टरांनीच सांगायचं.

शेंगदाण्याचं काय? हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. लातूर-सोलापूर भागात शेंगदाण्याचा कूट बंद म्हणजे निम्मा स्वयंपाक बंद, आणि शेंगाचटणी गेली तर घरात राहिलं काय? सोयाबीन आणि शेंगदाणा एकाच कुळातले. रक्ताच्या तपासणीत एकाची ॲलर्जी असेल तर बऱ्याचदा दुसऱ्याचाही आकडा वर येतो. पण आकडा वर येणं आणि खाल्ल्यावर त्रास होणं या दोन गोष्टी आहेत. मूल आधीपासून शेंगदाणे, तूर, हरभरा, मूग मजेत खात असेल, तर नुसत्या कागदावरच्या आकड्यासाठी ते तोडू नका. उलट बाजूनं मात्र सावध राहायला लागतं. स्वीडनमध्ये नव्वदच्या दशकात शेंगदाण्याची तीव्र ॲलर्जी आणि दमा असलेली चार मुलं सोया प्रथिन मिसळलेलं मांस खाऊन दगावली होती. त्यांना सोयाबीनपासून धोका आहे हे कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. म्हणजे दोन्ही बाजूंनी अंदाज बांधण्यात अर्थ नाही.

ते 'एका थेंबात शंभरेक पदार्थांची तपासणी' वालं पॅकेज तर घेऊच नका. त्यात आयजीई नाही, आयजीजी नावाची दुसरीच प्रतिपिंडं मोजतात. आयजीजी वाढलेलं दिसणं म्हणजे तुम्ही तो पदार्थ खाता, एवढंच. जगभरातल्या ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटना ही तपासणी निदानासाठी वापरू नका असं स्पष्ट सांगतात. आमच्या ओळखीतल्या एका बाईंनी तो अहवाल बघून गहू, दूध, टोमॅटो, वांगं सगळं सोडलं, दोन महिन्यांत वाळून गेल्या, आणि खाज होती तिथंच राहिली.

आता 'पक्की ठेवा'कडं येते. सोयावडीची मला भीती वाटत नाही. ती दिसते, तिला नाव आहे, पोरगी स्वतः ओळखून बाजूला काढते. भीती वाटते न दिसणाऱ्या सोयाबीनची.

पहिली जागा म्हणजे गिरणी. दहा किलो दळणात एक किलो सोयाबीन घाला, प्रथिनं वाढतात, हा सल्ला आपल्याकडं इतका पोचलाय की आमच्या गल्लीत दर दोन-तीन घरांआड कुणाच्या ना कुणाच्या डब्यात ते असतं. एकाचं दळण संपलं तरी त्याचं पीठ जात्यात, पाळीत, तोंडाला बांधलेल्या कापडात राहतं, आणि पुढच्याच्या डब्यात उतरतं. आम्ही गिरणीवाल्या काकांना सरळ सांगून ठेवलं होतं. ते सकाळी गिरणी झाडली की पहिली ज्वारी आमची घ्यायचे. तेही जमेना तेव्हा घरगुती चक्की घेतली. पैसे लागले, पण त्या वर्षीची दिवाळी निवांत गेली. दिवाळीची भाजणी हा तर वेगळाच विषय. विकतच्या चकलीच्या भाजणीत, पौष्टिक लाडवांत, नव्या पद्धतीच्या मेतकुटात सोयाबीन असू शकतं, आणि बचत गटाच्या ताई प्रेमानं म्हणतात, "काही नाही हो, सगळं घरचंच आहे." घरचंच आहे म्हणून तर विचारायचं!

दुसरी जागा म्हणजे गाडा आणि मांडव. मंचुरियन, शेजवान राइस, नूडल्स, सगळ्यांत सोया सॉस. सॉस आंबवलेला असला तरी प्रथिनं पूर्ण मोडत नाहीत. लग्नाच्या पंगतीत व्हेज खिमा, कटलेट, कधी बिर्याणीतसुद्धा सोयाबीन. आचाऱ्याला "सोयाबीन आहे का?" विचारलं तर "नाही" येतं, कारण तो वड्यांचा विचार करतो. म्हणून मी आता "यात काय काय घातलंय?" असं विचारते आणि पोतं-पाकीट दाखवायला लावते. कॅटरर वैतागतात. वैतागू देत.

पाकिटाचं त्या मानानं बरं. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबल नियमांत सोयाबीन ॲलर्जनच्या यादीत आहे, त्यामुळं 'कंटेन्स सोया' किंवा 'सोयबीन' असं छापावं लागतं. तरी घटकांची बारीक ओळ वाचायचीच. सोया प्रोटीन आयसोलेट, टेक्स्चर्ड व्हेजिटेबल प्रोटीन, हायड्रोलाइज्ड व्हेजिटेबल प्रोटीन ही नावं पाठ करून ठेवा. मल्टिग्रेन आटा, ब्रेड, प्रोटीनची भुकटी, फ्रोझन नगेट्स इथं ती सापडतात. आणि दर वेळी वाचा, कारण कंपन्या मिश्रण बदलतात आणि पाकिटाचा रंग तोच ठेवतात. पण आपण खातो त्यातलं निम्मं पाकिटातलं नसतंच. सुट्या शेवेला, बेकरीतल्या बटरला, ओळखीच्या मावशींच्या लाडवांना कुठलं लेबल?

शाळेत पोषण आहारात सोयाबीन पुलाव असतो. मी मुख्याध्यापकांना डॉक्टरांची चिठ्ठी दिली, पण खरा उपयोग झाला तो स्वयंपाक करणाऱ्या ताईंशी बोलल्याचा. त्यांना एकच गोष्ट समजावली, पुलावाची पळी दुसऱ्या पातेल्यात घालायची नाही. त्या आजतागायत ते पाळतात, आणि पुलावाच्या दिवशी आमचा डबा घरून जातो.

'जरासं चालतं'वाल्यांना मी एकच उत्तर देते. गेल्या वेळी घासभर खाऊन नुसते चट्टे उठले म्हणून या वेळीही चट्ट्यांवरच भागेल असं नाही. ताप असला, दमा उसळलेला असला, खाऊन लगेच पळापळ झाली, तर तेवढाच घास जड जातो. त्यामुळं प्रसादाचा असला तरी नाही. देवाला काही वाटत नाही, माणसांना वाटतं.

सासूबाई चट्ट्यांना आमसुलाचं पाणी लावतात. लावू देत, खाज शमते. पण चट्ट्यांसोबत उलटी, खोकला, घोगरा आवाज, श्वासाला घरघर किंवा चक्कर, यातलं काहीही दिसलं की आमसूल नाही, सेट्रिझिनवर (खाजेच्या गोळीवर) थांबणं नाही, थेट दवाखाना. अशा वेळी जीव वाचवतं ते मांडीच्या स्नायूत दिलेलं ॲड्रेनलिन. परदेशात मिळतं तसं पेनासारखं तयार इंजेक्शन आपल्याकडं सहज मिळत नाही. म्हणून जवळच्या कुठल्या दवाखान्यात रात्रीसुद्धा ॲड्रेनलिन असतं, हे आधीच विचारून ठेवा. आमच्या फ्रीजवर तो पत्ता, १०८ आणि पोरीचं वजन लिहिलेलं आहे. डोस वजनावर ठरतो.

राशीच्या, म्हणजे मळणीच्या दिवसांत लेकीला रानात नेत नाही, यावरून घरात बोलणी होतात. तिला थोडा दमाही आहे, आणि मळणी यंत्रापाशी उडणारी सोयाबीनची धूळ साधी नसते. बार्सिलोना शहरात १९८१ ते १९८७ या काळात २६ वेळा असं झालं की एकाच दिवशी दम्याच्या रुग्णांची इस्पितळांत रांग लागायची. शोधल्यावर कळलं, ते दिवस म्हणजे बंदरात जहाजातून सोयाबीन उतरवण्याचे. गोदामाला गाळण्या नव्हत्या, टरफलाची धूळ वाऱ्यानं शहरभर जायची. गाळण्या बसवल्या आणि ते प्रकार थांबले. तिथल्या लोकांना सोयाबीन खाऊन काही झालेलं नव्हतं, नुसत्या श्वासातून. मग आमच्या अडत बाजारातले हमाल आणि मळणीवरची माणसं तोंडाला धड मास्क न बांधता दिवसभर त्या धुळीत उभी असतात, त्यांच्या खोकल्याचा हिशेब कोण ठेवतं? यावर कृषी खात्यानं आणि बाजार समित्यांनी कधीतरी बोलायला हवं.

एक दिलासा सांगते. सोयाबीनची ॲलर्जी बऱ्याच मुलांची जाते. अमेरिकेतल्या एका पाहणीत साधारण ७० टक्के मुलांची दहाव्या वर्षापर्यंत गेलेली आढळली. गेली का ते घरी वडी चारून बघायचं नाही. डॉक्टर रक्ताचा आकडा बघतात, आणि तो पुरेसा उतरला की रुग्णालयात बसवून, औषधं हाताशी ठेवून, चिमटीपासून सुरुवात करून थोडं थोडं खायला देतात. आमची पुढची तपासणी दिवाळीनंतर आहे. तिचा निकाल काहीही येवो, घरगुती चक्की मी विकणार नाही, हे जाऊबाईंनी आत्ताच ऐकून ठेवावं.