वेबनं बिग बँग पाडला म्हणे!

सध्या कोल्हापुरात ग्रुपाग्रुपावर एकच फॉरवर्ड फिरतंय: जेम्स वेब या अंतराळातल्या दुर्बिणीनं बिग बँग (म्हणजे विश्व आधी तापलेलं, दाट होतं आणि तिथनं पसरत आलं ही थिअरी) खोटा पाडला, विश्व पसरत नाही, बिग बँग न मानणारे आपले खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर सरच बरोबर होते. सरांचा जन्म कोल्हापूरचा, १९३८ चा, अभिमान मलाबी हाय, पण म्हणून कायबी खपवायचं व्हय?

म्हणे 'बिग बँगनंतर एवढ्या लवकर गॅलेक्सी (ताऱ्यांचे प्रचंड समूह) तयारच होऊ शकत नाहीत'. विश्वाचं वय १३८० कोटी वर्षं, आणि वेबला दिसलेली जेड्स-जीएस-झेड१४-० ही गॅलेक्सी विश्व जेमतेम ३० कोटी वर्षांचं असतानाची. अंदाजापेक्षा जास्त चमकते हे खरंच, त्यावर शास्त्रज्ञांचं डोकं अजून चाललंय. पण तिची रुंदी साधारण १६०० प्रकाशवर्षं आणि आपल्या आकाशगंगेची लाखभर, म्हणजे तेव्हाच्या गॅलेक्सी आत्तासारख्या नव्हत्याच, मग विश्व बदलत आलंय याचाच पुरावा झाला की हा! तारे किती झपाट्यानं तयार होतात ते गणित सुधारावं लागंल, एवढंच.

लांबच्या गॅलेक्सींचा प्रकाश लालसर होऊन येतो, तो विश्व पसरतंय म्हणून नाही, तर 'प्रकाश थकून लाल होतो' हे तर लई जुनं. नुसता थकला असता तर लांबचे सुपरनोव्हा (ताऱ्यांचे स्फोट) विझायला जास्त वेळ का लावतात? लावतात, मोजलंय, आणि पसरणाऱ्या विश्वात जेवढा लागायला पाहिजे तेवढाच.

आता फॉरवर्डनं सोयीस्कर गाळलेली गोष्ट. १९६४ ला अमेरिकेत पेंझियास आणि विल्सन या शास्त्रज्ञांच्या रेडिओ अँटेनात खरखर यायला लागली, कुठल्याबी दिशेला फिरवा तेवढीच, आत कबुतरं राहत होती म्हणून बिचाऱ्यांनी त्यांची घाणसुद्धा साफ केली, तरी जाईना. ती होती सुरुवातीच्या तापलेल्या, दाट विश्वाची उरलेली ऊब, आता २.७ केल्विनवर (साधारण उणे २७० अंश सेल्सिअस) आलेली. मग कोबे उपग्रहानं ती नीट मोजली, १९९० च्या जानेवारीत आलेख दाखवला तर मोजलेले ठिपके थिअरीच्या रेषेवर असे बसलेले की हॉलमध्ये लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. वेबनं यातलं काय खोडलं ते सांगा की.

राहिले नारळीकर सर. हॉईल आणि बर्बिज या शास्त्रज्ञांसोबत १९९३ ला त्यांनी विश्वाचं वेगळं, बिग बँग नसलेलं मॉडेल मांडलं, त्यात या उबेचंबी उत्तर होतं, ताऱ्यांचा उजेड लोखंडाच्या बारीक सुयांसारख्या धुळीत मुरून ती तयार होते असं. बहुतेकांना ते पटलं नाही, पण सर पुराव्याला पुराव्यानंच भिडत होते. आणि गंमत बघा, सरांच्या मॉडेलातबी विश्व सध्या पसरतंयच! फॉरवर्ड लिहिणाऱ्यानं निदान आपली दोन वाक्यं तरी एकमेकांशी जुळवून घ्यायची होती.