कटर खाली ठेव आधी

सकाळी सकाळी भाच्याचा फोटो आला. हातात फॉग लाइटचा बल्ब, बाजूला कटर आणि खाली लिहिलंय, "मामा, 35 च्या जागी 55 वॉट, एकदम फिट!!" फिट कसा बसला, तर बल्बच्या बुडाला प्लास्टिकचे छोटे कान असतात ना, ते यांनी तासून टाकले. म्हणजे 35 वॉटच्या एच8 नंबरच्या बल्बच्या होल्डरमध्ये 55 वॉटचा एच11. घरच्या ग्रुपवर लगेच अंगठ्यांची रांग लागली, पण एकालाही विचारावंसं वाटलं नाही की बाबा रे, बनवणाऱ्याने ते कान वेगळे कशाला ठेवले असतील? हौस म्हणून?

चुकीचा बल्ब आत जाऊच नये म्हणून ठेवलेत ते! फॉग लाइट म्हणजे बंपरमधली एवढीशी डबी, ती 35 वॉटची धग सोसेल अशी बनवलेली. एच8 साधारण 800 लुमेन (उजेडाचं माप) देतो आणि एच11 साधारण 1350, हे बरोबर आहे, उजेड वाढतो, नाही म्हणत नाही. पण हे हॅलोजन बल्ब, म्हणजे तापलेल्या तारेचे, यातली बहुतेक वीज उष्णतेतच जाते, म्हणजे धगही तेवढीच वाढली. पहिले चार दिवस काही होत नाही, म्हणूनच माणूस फसतो. मग आतला चकचकीत मुलामा काळवंडतो, पुढची प्लास्टिकची काच धुरकट होते, कनेक्टर मऊ पडतो आणि एक दिवस गाडीत जळका वास यायला लागतो आणि आपण म्हणतो बाहेर कोणीतरी कचरा जाळतंय. वायरचंही तेच, दोन 55 म्हणजे 110 वॉट, 12 व्होल्टला नऊ अँपिअरच्या वर, फ्यूज 10 चा असेल तर तो पार काठावर. मग तो उडतो आणि मग शहाणे लोक 20 चा फ्यूज टाकतात. अरे फ्यूज वायर वाचवायला असतो! तो नाही जळला तर वायर जळेल ना!

असो. एवढा ओरडतोय कारण मीही हेच धंदे केलेत, फक्त कटर न लावता.

काही वर्षांपूर्वी मी फॉग लाइटमध्ये एलईडी टाकले होते. पांढरेशुभ्र, 6000 केल्विन (उजेडाच्या रंगाचं माप), डब्यावर लुमेनचा आकडा असा की वाचूनच डोळे दिपावेत. भिंतीवर उजेड पाडून बघितला आणि छाती फुगली. मग एका रात्री डोंगरातल्या रस्त्यावर धुकं लागलं, मी ऐटीत फॉग लाइट लावले आणि समोर पांढरी चादर. काहीच दिसेना. समोरून एक गाडी येत होती ती थांबली, आतून एक वयस्कर काका उतरले, कठड्याला हात लावत लावत माझ्या काचेपर्यंत आले. मला वाटलं आता शिव्या बसणार. ते म्हणाले, "बाळा, ते खालचे दिवे बंद करतोस का? मला रस्त्याची कडाच दिसेना, म्हणून थांबलो." बस्स, एवढंच. मी बंद केले आणि गंमत म्हणजे मलाही जास्त दिसायला लागलं.

फॉग लाइटचं काम लांबचं दाखवणं नाहीच मुळी. तो खाली बसवतात, उजेड रुंद आणि आखूड पडतो आणि वरची कड सरळ कापलेली असते, कारण वर गेलेला उजेड धुक्याच्या थेंबांवर आपटून आपल्याच डोळ्यात परत येतो. ही कड येते कुठून? बल्बमधली तार नेमक्या जागी असते आणि आतला आरसा त्या जागेच्या हिशोबाने वळवलेला असतो. माझ्या एलईडीत तारेच्या जागी दोन बाजूंना चिप होत्या, भलत्याच ठिकाणी, त्यामुळे कडबिड काही उरलीच नव्हती, सगळा उजेड फवाऱ्यासारखा वर. म्हणून काका कठड्याला धरून चालत आले. हॅलोजनच्या डबीत झेनॉन किट (वेगळ्याच जातीचा, जास्त प्रखर दिवा) बसवणाऱ्यांबद्दल तर मी बोलतच नाही, रक्तदाब वाढतो.

आता कमेंटमध्ये येतीलच, एलईडी वाईट का मग? नाही रे. अख्खा दिवाच एलईडीसाठी बनवलेला असेल तर उत्तम आहे, मान्य. मग विचारतील, पिवळा उजेड टाकू का? पिवळा धुकं भेदतो वगैरे काही नाही, धुक्याचे थेंब एवढे मोठे असतात की सगळे रंग जवळपास सारखेच विखुरतात. फ्रान्समध्ये 1993 पर्यंत नव्या गाड्यांना पिवळे हेडलाइट सक्तीचे होते, नंतर त्यांनीही सोडून दिलं. पण निळसर पांढऱ्यापेक्षा पिवळा डोळ्याला कमी टोचतो, हे खरंय, एवढं देतो मी तुम्हाला.

माझं म्हणणं एवढंच की दिव्यावर किंवा गाडीच्या पुस्तकात जो नंबर लिहिलाय तोच टाका, तेवढ्याच वॉटचा, फक्त चांगल्या कंपनीचा, आणि दोन्ही बाजूंचे एकदम बदला. जुना दिवा मिणमिणतो तो बऱ्याचदा बल्बमुळे नाही, काच घाण झालेली असते. इग्निशन बंद करून दिवा गार होऊ द्या, हॅलोजनच्या काचेला बोट लावू नका, बोटाचं तेल तापून तिथेच काच तडकते, लागलंच तर स्पिरिटने पुसा. मागचं रबर नीट बसवा, नाहीतर पहिल्या पावसात आत पाणी (माझ्या एलईडीच्या मागे पंखा होता म्हणून ते झाकण कधी लागलंच नाही, ते वेगळं रडगाणं). आणि फक्त जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरू नका, हे सांगावं लागतं यातच सगळं आलं. झालं की सात-आठ मीटरवरच्या भिंतीवर बघा, उजेडाची वरची कड दिव्याच्या उंचीपेक्षा खाली पडायला हवी. वर गेली तर समोर कुणीतरी काका आहेत असं समजा.

आणि धुकं नसताना ते बंद ठेवा रे. कोरड्या रात्री फॉग लाइट लावून फिरणाऱ्यांना काय दाखवायचं असतं मला अजून कळलेलं नाही.

ग्रुपवर हे सगळं टाइप केलं आणि पुसलं. पोराने स्वतः खाली वाकून, हात काळे करून काहीतरी केलंय, सगळ्यांसमोर पाणउतारा कशाला. फोन केला. आधी फुगला, मग काकांची गोष्ट सांगितली तसा गप्प झाला. मी विचारलं, जुने बल्ब फेकलेस का? म्हणाला, डिकीत आहेत. आणि कटर कशाला लावलास, बल्बला का होल्डरला?

बल्बला. वाचलो. संध्याकाळी येतोय गाडी घेऊन.